क्रुसाकडचा घोडा

"कोणतं ओपनिंग खेळता?" असं कारखानीस साहेबांनी विचारलं, तेव्हा इग्नेशियस मिरांडाने मदतीसाठी भाऊरावांकडे पाहिलं. भाऊराव छताला लटकलेल्या पंख्याकडे पाहत होते. ते पंख्यांच्याच कारखान्यात हेडक्लार्क असल्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नसतं, पण इग्नेशियसला ते खटकलं. कारण ही काडी त्यांनीच लावली होती.

झालं होतं असं. इग्नेशियस अंधेरीच्या त्या कारखान्यात टाइमकीपर होता, पण टेंपररी. कायम करायच्या माणसांची नावं नव्या साहेबांपुढे गेली, तेव्हा भाऊरावांनी जुन्या मायेपोटी एक पुडी सोडून दिली. साहेबांच्या केबिनमध्ये पंख्यांपेक्षा बुद्धिबळाची पुस्तकं जास्त आहेत हे त्यांनी हेरलं होतं. "साहेब, हा मिरांडा म्हणजे बुद्धिबळाचा दर्दी बरं का. यांच्या घरात तीन पिढ्या बुद्धिबळ!" वास्तविक इग्नेशियसच्या घरात तीन पिढ्या भातशेती होती, आणि ज्या जमिनीवर ती होती तिच्यावर आता हा कारखाना उभा होता. बुद्धिबळाचा पट त्याने आयुष्यात लांबूनच पाहिलेला.

"सांगा ना," साहेब खुर्चीत पुढे सरकले. "इटालियन, स्पॅनिश, की क्वीन्स गँबिट?"

इग्नेशियसला तिन्हींतलं काही कळलं नाही. पण लहानपणी त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एक स्पॅनिश फादर होते, आणि ते चांगले होते.

"स्पॅनिश, साहेब."

"रुई लोपेझ! वा! पाद्र्याच्या नावाचं ओपनिंग. तुम्हाला शोभतं." साहेब खूश झाले. "शनिवारी हाफ डे आहे. कँटीनमध्ये बसू. आणि एक सांगून ठेवतो मिरांडा, माणूस खरा की थापाड्या, हे मला पटावर ताबडतोब कळतं. थापाड्या माणूस मी टेंपररीसुद्धा ठेवत नाही."

बाहेर आल्यावर इग्नेशियसने भाऊरावांना जिन्याखाली गाठलं.

"भाऊराव, वाट लावलीत ना माझी!"

"अरे, मला काय ठाऊक हा लगेच पट मांडेल? मागच्या साहेबाला मी सांगितलं होतं, सहदेव शिपाई कुस्ती खेळतो म्हणून. तो साहेब काय लंगोट लावून आला होता?"

"आता काय करू?"

"शीक! माणसं विमान चालवायला शिकतात. आणि तूच स्पॅनिश म्हणालास, मी नाही. मी निदान नुसतं बुद्धिबळ म्हणालो होतो."

इग्नेशियसला नोकरीची जेवढी काळजी होती, त्याच्या दुप्पट अँजेलिनाची होती. अँजेलिना त्याच्याच गावठाणातली. दोघांचं जमलं होतं, हे तिच्या बापाला, बॅप्टिस्टकाकांनाही माहीत होतं. पण त्यांनी एकदाच काय ते सांगून टाकलं होतं: "टेंपररी मानसाला मी कायमची मुलगी कशी देऊ?" आणि नशिबाची थट्टा अशी, की सगळ्या गावठाणात बुद्धिबळाचा पट एकाच घरात होता, तो बॅप्टिस्टकाकांच्याच.

आता या गावठाणाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. तिथे डावं-उजवं असं कुणी म्हणत नसे. गावठाणाच्या एका अंगाला क्रूस होता आणि दुसऱ्या अंगाला बावडी, म्हणजे विहीर, आणि जगातली प्रत्येक गोष्ट एक तर क्रुसाकडची असे, नाहीतर बावडीकडची. "तुझ्या क्रुसाकडच्या गालाला साबण लागलाय." "म्हातारीला बावडीकडच्या कानानं कमी ऐकू येतं." म्हातारीने तोंड फिरवलं की कानही बदलायला हवा, हा विचार कुणाच्या मनात येत नसे, आणि आला तरी तो बोलून दाखवत नसे. पिढ्यान् पिढ्या सुरळीत चाललं होतं.

बॅप्टिस्टकाकांचं घर क्रूस आणि बावडी यांच्या बरोबर मध्ये. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; डॉक्टर म्हणत होता अजून पिकला नाही. त्यामुळे काका ओट्यावर बसून बोटांनीच पट वाचत. मोहरी जुनी, शिसवी, त्यातला एक उंट कधीतरी हरवला होता आणि त्याच्या जागी बाटलीचं बूच उभं होतं. बाजूला अँजेलिना सुपात कोलंबी घेऊन सोलत बसली होती.

"काका, तुम्हाला स्पॅनिश डाव येतो?"

"येतो म्हंजे? फादरनं सोता शिकवलाय मना. बस तिथं, भिंतीला पाठ लावून." काकांनी मोहरी चाचपली. "बग. मधली दोन प्यादी. त्यातलं क्रुसाकडचं घे, दोन घरं म्होरं सरकव. मग क्रुसाकडचा घोडा भायेर. मग क्रुसाकडचा उंट."

"उंट कुठाय?"

"हे बूच. हा तिरका जातो, लांब, पार बावडीकडं. समोरच्यानं कडेच्या प्याद्यानं डिवचला, तर भांडू नको. एक घर मागं घे. मग किल्लेकोट. राजा आनि हत्ती एकाच खेळीत हलतात. राजा क्रुसाकडं पळतो."

"बावडीकडं नाय पळत?"

"संकट आल्यावर मानूस क्रुसाकडं जातो. बावडीकडं कशाला जाईल? जीव द्यायला?"

हे मात्र इग्नेशियसच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याने सगळं दोनदा करून दाखवलं. काकांनी बोटं फिरवून तपासलं आणि मान डोलावली.

"आनि मग पुढं?"

"पुढं काय?"

"पुढची खेळी, काका."

"ती फादर पुढच्या आठवड्यात शिकवनार होते," काका म्हणाले. "तेवढ्यात त्यांची बदली झाली."

इग्नेशियस बघतच राहिला. "मग तुमी इतकी वर्सं कसं खेळता?"

"एवढं खेळतो. मग एक तर समोरचा वैतागतो, नायतर जेवायची येळ होते."

अँजेलिना सुपात तोंड घालून हसली. "इग्नेस, तू शनिवारी जेवायच्या येळेलाच बस," ती म्हणाली.

इग्नेशियसने दुसरं काही हाताशी नसल्यामुळे तेवढंच घोकलं. फाटकावर माणसांची हजेरी घेताना तो पुटपुटत असे: क्रुसाकडचं प्यादं, क्रुसाकडचा घोडा, क्रुसाकडचा उंट, डिवचला तर मागं, राजा क्रुसाकडं. सहदेव शिपायाला वाटलं, पोरगा कायम होण्यासाठी नोव्हेनाची प्रार्थना करतोय. शुक्रवारपर्यंत त्याला सगळं डोळे मिटून खेळता येऊ लागलं, आणि गुरूचा विचार करता यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

शनिवारी भोंगा झाला आणि कँटीन भरलं. एरवी हाफ डेला पळत सुटणारी माणसंसुद्धा भिंतीला टेकून उभी राहिली. साहेबांनी घरून स्वतःचा पट आणला होता. मोहरी चकचकीत, सगळी जागच्या जागी. इग्नेशियसने त्यांच्यावर नजर फिरवली आणि तो पहिल्याच झटक्याला चरकला.

"साहेब, बूच नाही का?"

"खेळताना आपण काही पीत नाही, मिरांडा," साहेब जरा कडकपणे म्हणाले.

भाऊरावांनी कपाळाला हात लावला. मग साहेबांनी मुठीत प्यादी लपवली, आणि इग्नेशियसच्या वाट्याला पांढरी आली. म्हणजे पहिली खेळी त्याची. त्याने हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला.

क्रूस कुठल्या बाजूला?

ओट्यावर प्रश्नच नव्हता. एका हाताला क्रूस, दुसऱ्या हाताला बावडी, मध्ये आपण. पण कारखाना होता गावठाणाच्या पलीकडे. आधी बावडी, मग बॅप्टिस्टकाकांचं घर, मग क्रूस, आणि त्याही पलीकडे हे कँटीन. इथून क्रूसही त्याच्या डाव्या हाताला होता आणि बावडीही डाव्याच हाताला. उजव्या हाताला होती फक्त मुताऱ्यांची भिंत. म्हणजे दोन्ही घोडे एकाच बाजूला? असं कसं होईल? एक घोडा तर त्याला उजवीकडे स्पष्ट दिसत होता, आणि त्या बिचाऱ्याला कुठलीच दिशा उरली नव्हती.

खात्री करावी म्हणून तो उठला आणि डावीकडच्या खिडकीशी जाऊन बाहेर पाहू लागला.

"काय पाहताय?" साहेबांनी विचारलं.

"क्रूस, साहेब."

साहेबांचा चेहराच पालटला. "घ्या, घ्या," ते हळू आवाजात म्हणाले, "प्रार्थना करून घ्या. आम्हीसुद्धा गणपतीचं नाव घेतो." कुणीतरी टोपी काढली. आता एवढ्या माणसांपुढे नुसतं कसं परतायचं, म्हणून इग्नेशियसने छातीवर क्रुसाची खूण केली आणि देवाला मनापासून विचारलं, "देवा, कुठल्या बाजूचं प्यादं?" देवाने काही सांगितलं नाही. पण क्रूस समोर दिसत होता, बावडी दिसत नव्हती. जे दिसतं ते खरं धरावं, असं त्याने ठरवलं. डावीकडे क्रूस. बावडी आज नाइलाजाने मुताऱ्यांच्या बाजूला मानायची.

तो येऊन बसला आणि मधल्या दोनांतलं डावीकडचं प्यादं त्याने दोन घरं पुढे सरकवलं.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "हे तर वजिरासमोरचं. स्पॅनिश म्हणाला होतात ना?"

"स्पॅनिशच आहे, साहेब."

"असं?"

"आमच्याकडं हेच खेळतात."

साहेबांनी आपलं प्यादं पुढे टाकलं. इग्नेशियसने डावीकडचा घोडा काढला. साहेबांनी घोडा काढला. इग्नेशियसने डावीकडचा उंट उचलला आणि तिरका, लांब, पार मुताऱ्यांकडे नेऊन ठेवला. आरशात पाहून दुसऱ्याचा भांग पाडावा तसा अख्खा स्पॅनिश डाव उलटा चालला होता, पण हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांना एवढंच कळत होतं, की आपल्या कुठल्याही पुस्तकात हे स्पॅनिश म्हणून दिलेलं नाही. ते हनुवटीला हात लावून बसले. बराच वेळ विचार करून त्यांनी कडेच्या प्याद्याने उंटाला डिवचलं.

इग्नेशियसचा चेहरा उजळला. काकांनी सांगितलं होतं तस्संच! त्याने क्षणाचाही विलंब न लावता उंट एक घर मागे घेतला.

"तयारी आहे," साहेब स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक प्यादं जपून पुढे सरकवलं.

आता राहिला किल्लेकोट. राजाने क्रुसाकडे पळायचं. इग्नेशियसने राजाला चिमटीत धरून उचललं आणि त्याचा हात थांबला. ओट्यावर राजा आणि हत्ती यांच्यामधली वाट मोकळी असायची. घोडा गेलेला, बूच गेलेलं. इथे घोडा गेला होता, उंटही गेला होता, आणि तरीसुद्धा वाटेत कुणीतरी उभं होतं. वजीर! हा कुठून आला? ओट्यावर हा नेहमी बावडीच्या बाजूला असायचा. याने जागा कधी बदलली? त्याने वजिराकडे रागाने पाहिलं, आणि तो राजाला हळूच खाली ठेवायला गेला.

"हात लावला, मिरांडा," साहेब म्हणाले. "हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं. नियम म्हणजे नियम."

इग्नेशियसने राजाभोवती नजर फिरवली. राजाच्या एका बाजूला वजीर, दुसऱ्या बाजूला दुसरा उंट, समोर प्यादी. फक्त एक घर मोकळं होतं, पहिल्या खेळीत प्यादं गेलं तिथलं. निदान ते क्रुसाच्या दिशेला तरी होतं. देवाचं नाव घेऊन त्याने राजाला तिथे नेऊन उभं केलं.

कँटीनमध्ये पाच-सहा जणांना तरी बुद्धिबळ कळत होतं. त्यांच्या तोंडून एकदम "आँ?" निघालं. अर्धं सैन्य घरात आणि राजा उघड्यावर!

"राजा बाहेर काढलात?" साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"मुद्दाम?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "तो तिकडंच जातो, साहेब," इग्नेशियस म्हणाला.

साहेब वाकून पटावर आले. घोड्याने शह देता येत होता. शेंबड्या पोरालाही ते दिसलं असतं. पण जी गोष्ट शेंबड्या पोराला दिसते ती तीन पिढ्यांच्या खेळाडूला दिसत नाही, हे साहेबांना पटेना. "घोडा तिथे टाकला... तर ते... नाही, नाही, त्यांना तेच हवंय," असं ते पुटपुटायला लागले. चहा आला, त्यावर साय धरली, सायीवर माशी बसली. शेवटी साहेब उठले. "एक फोन करून येतो."

थोड्या वेळाने सहदेव शिपाई भाऊरावांच्या कानाशी लागला, पण त्याचं कानाशी लागणंही सगळ्यांना ऐकू जात असे. "फोन-बिन काय नाय. पुस्तकं काढून बसलेत. टेबलावर जागा उरली नाय, आता खुर्चीवर उघडलीत."

इग्नेशियसने ओळखलं की आपला खेळ खलास. साहेब पुस्तकात शोधणार, त्यांना असला डाव सापडणार नाही, आणि आपण थापाडे ठरणार. अँजेलिनाचं लग्न एखाद्या कायम माणसाशी होईल, आणि आपण त्या लग्नात वांद्र्याच्या बँडवाल्यांना पाणी देत फिरू. त्याला खरोखर रडू यायला लागलं.

साहेब परत आले. हातांना पुस्तकांची धूळ लागली होती. पटाकडे शेवटचं एकदा पाहून त्यांनी हात पुढे केला.

"बरोबरी?"

इग्नेशियसला हा कुठला नवा नियम ते कळेना. भाऊराव मागून मान तुटेल इतक्या जोरात होकार देत होते. "चालेल, साहेब," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

तिथे मात्र इग्नेशियसने ठरवलं की आता खोटं पुरे. दार लागताच तो म्हणाला, "साहेब, माफ करा. मला बुद्धिबळ येत नाय."

"खऱ्या खेळाडूला असंच वाटतं," साहेब म्हणाले.

"तसं नाय, साहेब. खरंच नाय येत. आमचे काका म्हनाले क्रुसाकडचा घोडा काढ. पन मला कळेना, इथं क्रूस कुठल्या बाजूला धरायचा. बावडी पन तिकडंच. म्हनून मी खिडकीतून..."

"थांबा, थांबा." साहेबांनी कागद ओढला. "क्रूस आणि बावडी. म्हणजे पटाच्या दोन बाजू. एक तारण्याची, एक बुडण्याची. वा! किती वर्षांची परंपरा आहे ही?"

"परंपरा नाय, साहेब. काकांना दिसत नाय, म्हनून तसं सांगतात."

"न पाहता खेळतात?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मिरांडा, अशा घराण्यातला माणूस माझ्या फाटकावर टेंपररी? सोमवारपासून तुम्ही कायम. आज तुम्ही मला क्रुसाची बाजू दाखवलीत. पुढच्या शनिवारी बावडीची."

खरं बोलूनही माणसाची सुटका होत नाही, हे इग्नेशियसला त्या दिवशी कळलं. पण "कायम" हा शब्द कानात वाजत होता, त्यापुढे बावडीची पर्वा कोण करतो! तो धावतच गावठाणात आला. काका ओट्यावर होते, अँजेलिना सूप घेऊन बसली होती.

"कायम झालो!" असं ओरडून त्याने अँजेलिनाच्या शेजारी बसकण मारली, आणि आनंदाच्या भरात तिचा हात केव्हा धरला हे त्यालाही कळलं नाही.

"जीझस पावला," काका म्हणाले. "आता डाव सांग. राजा किल्ल्यात गेला ना?"

"नाय काका. वाटेत वजीर उभा होता."

"वजीर?" काकांची बोटं पटावर धावली. "क्रुसाच्या बाजूला वजीर कसा येईल? तू क्रूस कुठं धरलास?"

"खिडकीच्या बाजूला. तिथून तिकडंच दिसतो."

काकांनी बोटांनी वजीर चाचपला. मग ते कडाडले. "अरे, उलटा खेळलास! पटाचा क्रूस पटाबरोबर जातो, तो काय खिडकीतनं बगायचा? फादरचा अख्खा डाव बाटवलास. ज्याला क्रूस कुठल्या बाजूला ते कळत नाय, त्याच्या हातात मी पोर देऊ?"

"पप्पा, तुमी कायम म्हनाला होता," अँजेलिना म्हणाली. "तो कायम झालाय. क्रुसाचं तवा काय बोलला नव्हता."

एवढं सगळं करून शेवटी घोडा अडला तो सासऱ्याच्याच ओट्यावर. कोलंबी सोलल्याचा आवाज येईना, तशी काकांनी मान वर केली.

"अँजेलिना, कोलंबी सोलायची का थांबलीस?"

"हात... मोकळा नाय, पप्पा."

"का? कुनी धरलाय?"

इग्नेशियसने खाली पाहिलं, तर अँजेलिनाचा हात अजून त्याच्याच हातात होता. पण हात त्याने सोडला नाही. सोडावा असं त्याला वाटलंच नाही.

"इग्नेस," काका सावकाश म्हणाले, "तो साहेब काय म्हनाला रे? मोहऱ्याला हात लावला, तर?"

"खेळावंच लागतं, काका."

"नियम म्हंजे नियम?"

"नियम म्हंजे नियम."

"मंग आता इलाज नाय," काका म्हणाले, आणि बूच उचलून डोळे पुसावेत तसं त्यांनी उगाच चेहऱ्यावरून फिरवलं. "येत्या रविवारी आईला घेऊन ये. फादरला पन सांगू."

अँजेलिनाने सूप बाजूला केलं आणि ओट्यावर जागा करून दिली. "मधी बसू नको, पप्पांचा पट उलटेल," ती म्हणाली. "जरा क्रुसाकडं सरक."

इग्नेशियस आनंदाने उठला आणि बावडीच्या बाजूला जाऊन बसला.